मास्तरांचा होकार

"आमच्या घरातला पुरुष भांडला तर घाबरू नकोस, सूनबाई," सासूबाई म्हणाल्या होत्या. "गुणी झाला, की घाबर."

त्या वेळी धाकटीला सातवा महिना होता आणि दोघी मागच्या पायरीवर वाटाणे सोलत बसल्या होत्या. धाकटी हसली होती. पदवीला मानसशास्त्राचे दोन पेपर दिलेली मुलगी ती. जुन्या बायकांच्या बोलण्यात अर्थ शोधला तर सापडतो, नाही शोधला तर काही बिघडत नाही, असं तिचं मत होतं. "म्हणजे नवरा भांडकुदळ आहे यातच मी समाधान मानायचं म्हणा की!" असं म्हणून तिने चार दाणे तोंडात टाकले होते. सासूबाई आणखी काहीतरी सांगणार होत्या, पण तेवढ्यात आत दूध उतू गेलं. मग भिंगरी जन्मली, आणि भिंगरीला पहिला दात यायच्या आत सासूबाई गेल्या. सांगायचं ते राहूनच गेलं.

आज, रविवारी सकाळी, ओट्यापाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघताना धाकटीला ते वाक्य एकदम आठवलं.

मास्तर भांडी घासत होते. नुसती घासत नव्हते, घासून, पुसून, पेले उंचीप्रमाणे ओळीत लावत होते. त्याआधी त्यांनी अंथरुणं काढली होती, भिंगरीला आंघोळ घातली होती, घरातल्या म्हाताऱ्या आत्यांचा चष्मा पुसून ठेवला होता. नोकरी जाऊन बेचाळीस दिवस झाले होते. बेचाळीस दिवसांत या माणसाने आवाज चढवला नव्हता, भाजीला नाव ठेवलं नव्हतं, दार आपटलं नव्हतं. शेजारणी म्हणत, नशीबवान आहेस गं. पहिले पंधरा दिवस धाकटीलाही तसंच वाटलं होतं, हे तिला आज कबूल करावं लागत होतं.

"अहो, राहू द्या ना, मी करते."

"बरं," म्हणाले, आणि हात पुसून बाजूला झाले. ती म्हणाली असती "करा", तरी "बरं" म्हणाले असते.

हे कोण होते, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच त्या "बरं"ची भीती कळेल. गिरणीच्या रंगखात्यात कापडाचा प्रत्येक घाणा बाहेर पडला की त्याचा तुकडा मास्तरांकडे येई. उत्तरेकडच्या खिडकीशी उभं राहून ते तो नमुन्याशेजारी धरत, तिरका करत, क्षणभर भिंतीकडे बघून डोळा निववत आणि पुन्हा बघत. मग बहुतेक वेळा म्हणत, "नाही." निळ्यात किंचित लाल उतरलाय, नाही. पिवळा मेलाय, नाही. पुन्हा भट्टीवर घ्या. दिवसभरात वीस-पंचवीस वेळा "नाही" म्हणायचं आणि त्या "नाही"वर सगळी गिरणी थांबवायची, हे त्यांचं काम. त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, त्याच खिडकीशी अडतीस वर्षं काढली, त्यांच्यानंतर हे चौदा. बाप थोरले मास्तर, लेक धाकटे मास्तर. कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा "या मास्तर" म्हणायचा. परवा तो म्हणाला होता, "बोला साहेब." मास्तरांनी साबण घेतला आणि घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. धाकटी मागेच उभी होती म्हणून तिला कळलं.

आता खिडकीशी एक यंत्र बसलं होतं. भाकरीच्या डब्याएवढं. तुकडा आत सरकवला की ते आकडा सांगतं.

*

अकराच्या सुमाराला दादांची गाडी दाराशी लागली. दादा म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ. दोन तासांच्या अंतरावरच्या शहरात त्यांचा शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना होता. दादा जिथे शिरतात तिथे खोली लहान होते. आधी त्यांचा आवाज आला, मग पोट, मग हातातली पिशवी, आणि सगळ्यांच्या मागून शांतपणे मोठी, म्हणजे धाकटीची जाऊ.

"काय रे बारक्या! वाळलास की! आप्पा, याला खायला घालता की नाही?"

"मला विचारू नकोस," आप्पा खुर्चीतून म्हणाले. "मी या घरात पाहुणा आहे. खातं आत्याकडे आहे."

आप्पांची थोरली बहीण, जिला हे सगळं घर आत्याच म्हणे, भिंगरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "खातो तो. वाढलं तेवढं खातो. मीठ नसलं तरी खातो. परवा मी मुद्दाम नाही घातलं."

"मग?"

"मग काय, म्हणाला छान झालीय."

सगळे हसले. मास्तरही हसले. धाकटी मात्र हातातलं पाण्याचं तांब्याभांडं खाली ठेवायचं विसरली. म्हणजे आत्यांनाही कळलंय, तिच्या मनात आलं. म्हातारी उगाच मीठ विसरत नाही.

दादा आले होते ते ठरलेलं पक्कं करायला. फोनवर त्यांनी आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं: माझ्याकडे ये, माल बांधणीवर लक्ष ठेव, कामगारांची हजेरी बघ, कारखान्याच्या वर खोली आहे, ती मी रंगवून घेतलीय, बायकोपोरीला घेऊन ये. मास्तरांनी पहिल्याच वाक्याला "हो" म्हटलं होतं. धाकटीला विचारलंही नव्हतं, आणि धाकटीला राग यायच्या ऐवजी भीती वाटली होती. कारण हा माणूस मुलीच्या झबल्याचा रंग पसंत करायला पाऊण तास लावायचा.

"पुढच्या रविवारी ट्रक पाठवतो," दादा बसता बसता म्हणाले. "काय आप्पा?"

"उत्तम," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात घाई होती. "जितक्या लवकर जाईल तितकं चांगलं. रिकामा पुरुष घरात बसला की भिंतीसुद्धा त्याच्याकडे बघायला लागतात. मी बसलोय एक वर्ष, गिरणी बंद होती तेव्हा. मला माहीत आहे."

"आणि भिंगरीला घेऊन गेले की मी कुणाशी भांडायचं?" आत्यांनी विचारलं.

"माझ्याशी."

"तुझ्याशी भांडण्यात काय मजा? तू ऐकतच नाहीस."

"आत्या, तुम्ही त्याला मागे ओढू नका," दादा जरा करड्या आवाजात म्हणाले. "नोकरी म्हणजे काय रस्त्यावर पडलीय? भाऊ आहे म्हणून करतोय."

"म्हणून करतोयस हे कळलं हो सगळ्यांना," आत्या म्हणाल्या आणि भिंगरीच्या केसांतून बोटं फिरवू लागल्या.

*

स्वयंपाकघरात मोठीने न विचारताच सुरी हातात घेतली. कांदा चिरता चिरता ती हळूच म्हणाली, "तुला जायचंय का?"

धाकटीने तिच्याकडे बघितलं. पाच वर्षांत मोठीने तिला "तुला काय वाटतं" असं एकदाही विचारलं नव्हतं. दोघींच्यात उभा दावा नव्हता, पण थोरली ती थोरली, असा एक पातळ पडदा होता. धाकटी सावध झाली. "ते म्हणतील तसं," म्हणाली.

"अगं, ते तर ह्यांच्या हो ला हो म्हणतायत! म्हणून तर मी आले आज. नाहीतर गाडीत दोन तास ह्यांचं गाणं कोण ऐकणार?" मोठीने सुरी थांबवली. "माझा भाऊ दोन वर्षं होता ह्यांच्याकडे. ह्यांनी काही कमी केलं नाही त्याला. चांगले आहेत गं, मनाने सोनं. पण रोज सकाळी दहा माणसांसमोर 'माझा मेव्हणा आहे हो, सांभाळून घ्या' म्हणायचे. दोन वर्षांनी तो निघून गेला. आता माझ्याशीही बोलत नाही."

"मग तुम्ही दादांना का नाही सांगत?"

"सांगितलं. म्हणाले, तुझा भाऊ नाजूक होता, माझा तसा नाही." मोठीने डोळे मनगटाने पुसले, ते कांद्याने असावं. "मी या घरात पहिल्यांदा आले ना, तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. हा बारा वर्षांचा पोरगा माझ्या गळ्याकडे बघून म्हणाला, 'वहिनी, तुमचा स्कार्फ आणि ड्रेस एका घाण्यातले नाहीत.' सासूबाईंनी चिमटा काढला त्याला. मला इतका राग आला होता! घरी जाऊन उजेडात बघितलं. नव्हतेच."

दोघी हसल्या. हसताना धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने तो कांदा स्वतःकडे ओढला.

"तो पोरगा कुठे गेला गं?" मोठी म्हणाली. "बाहेर बसलाय तो कोण आहे?"

*

जेवणाआधी दादांनी पिशवी उघडली. "अरे हो, बारक्या, हे बघ. उद्या कटिंगला घेतोय. मोठी शाळा आहे, पहिल्यांदाच आपल्याकडे आलीय. चारशे मुलांचे कोट. अंग या ताक्यातून, बाह्या या. तुझ्याच गिरणीचं कापड. यंत्राने पास केलेलं, कागद आहे सोबत."

राखी कापडाचे दोन तुकडे. मास्तरांनी ते हातात घेतले, एकाची कड दुसऱ्यावर टेकवली.

धाकटी दारात उभी होती. लग्न झाल्यापासून तिने या हातांकडे जितकं बघितलं होतं तितकं तोंडाकडे बघितलं नव्हतं. तोंड फसवतं, हात फसवत नाहीत. कापड चुकलेलं असलं की मास्तरांचा उजवा अंगठा घडीवरून मागेपुढे फिरतो, जणू रंग पुसून बघतोय. बाजारात, पडद्यांच्या दुकानात, एकदा तर तिच्या मामेबहिणीच्या नव्या सोफ्यावर तिने तो फिरताना बघितला होता आणि दरवेळी पाठोपाठ "नाही" आलं होतं.

अंगठा फिरला. एकदा, दोनदा. मग थांबला.

"छान आहे," मास्तर म्हणाले.

आप्पांचे डोळे आता अधू झाले होते, त्यांना तुकडे दिसत नव्हते. पण त्यांनी मान वळवली. "जुळतंय?"

"जुळतंय, आप्पा."

"खिडकीशी बघितलंस?"

"यंत्राने बघितलंय."

"झालं तर मग!" दादांनी तुकडे पिशवीत कोंबले. "तर ट्रक रविवारी सकाळी आठला. कपाट न्यायचं की इथेच ठेवायचं?"

"तू म्हणशील तसं," मास्तर म्हणाले.

धाकटीला सगळं एकदम दिसलं: उद्या कात्री चालेल, चारशे मुलं मैदानात उन्हात उभी राहतील आणि प्रत्येकाच्या बाह्या शेजाऱ्याकडून उसन्या आणल्यासारख्या दिसतील. दादांची शाळा जाईल. पण ते नंतरचं. या क्षणी तिच्या नवऱ्याने बघितलं होतं, ओळखलं होतं आणि गिळलं होतं. आज हे गिळलं की ट्रकमध्ये कपाट चढेल, तो चढेल, आणि वरच्या रंगवलेल्या खोलीत एक गुणी माणूस जन्मभर पेले उंचीप्रमाणे लावत राहील. तिचा नवरा परत यायचा नाही. ती मुळातली भित्री. मुलगी झोपली की श्वास चालू आहे का बघणारी, गॅस बंद केलाय का बघायला जिन्यातून तीनदा परतणारी. पण भित्र्या माणसाचं एक असतं, मोठी भीती समोर आली की लहानसहान भीती पळून जाते.

"अहो, परत बघा ना," ती म्हणाली.

"बघितलं ना."

"खिडकीशी बघा."

"अगं, झालंय ते. कशाला उगाच?"

"अंगठा फिरला तुझा."

खोलीचं दार लागल्यावर ती त्यांना अरे-तुरे करायची हे या घरात कुणाला माहीत नव्हतं असं नाही, पण आप्पांसमोर, दादांसमोर ते कधी तोंडातून बाहेर पडलं नव्हतं. आत्यांनी डोळे मिटून घेतले. मात्र ओठांचा एक कोपरा वर गेला.

"फिरला, मी बघितला," धाकटी म्हणाली. आता थांबले तर मेले, हे तिला कळत होतं. "खरं सांग. जुळतंय?"

"मला काय विचारतेस?" मास्तर म्हणाले. आवाज अजून खालीच होता. "कागद आहे ना सोबत."

"कागदाशी लग्न नाही केलं मी. तुला विचारतेय."

"मला कुणी विचारू नका!"

पेले हलले. खरोखरच हलले. मास्तर उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता. भिंगरी आत्यांच्या मांडीवरून खाली घसरली आणि आनंदाने ओरडली, "बाबा ओरडला!"

"तीन महिने विचारलं मला," मास्तर म्हणाले. आता ते दादांशी बोलत होते की भिंतीशी, कळत नव्हतं. "यंत्र आणलं आणि शेजारी मला उभं केलं. यंत्र म्हणे पास, मी म्हणे नाही. मग साहेब विचारायचे, का नाही? कारण लिहून द्या. कारण काय लिहू? डोळ्याला खटकतंय, हे कारण आहे? मी लिहिलं, खटकतंय. दुसऱ्या दिवशी लिहिलं, खटकतंय. बावीस वेळा लिहिलं. पोरं हसायला लागली. 'मास्तर, आज काय खटकलं?' तेविसाव्या वेळी माझं मलाच कळेना, खरंच खटकतंय की नुसती हटवादी सवय. मी सही केली. पास. आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला घरी पाठवलं, बरोबरच होतं ते. जो माणूस नाही म्हणत नाही, तो त्या खिडकीशी हवाय कशाला?"

मास्तरांनी दादांच्या पिशवीकडे बोट केलं.

"तो तेविसावा हाच," मास्तर म्हणाले. "हा राखी. तू पिशवीतून काढलास तेव्हाच ओळखला. काठावरचा नंबरही बघायची गरज नव्हती."

दादा हळूहळू उठले. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग तापला. "म्हणजे तुला माहीत होतं? उद्या माझी कात्री चालणार होती आणि तू मला 'छान आहे' म्हणालास?"

"हो."

"मी तुझ्यासाठी खोली रंगवतो, ट्रक सांगतो, आणि तू..."

"थांब," आप्पा म्हणाले.

आप्पा खुर्चीचे हात धरून उठले. सरळ चालत मधल्या बोळातल्या खिडकीपाशी गेले. हे घर भाड्याने घेताना त्यांनी नळाला पाणी येतं का हे न बघता फक्त ती खिडकी कुठे तोंड करून आहे एवढंच बघितलं होतं, आणि त्यावरून सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला होता. "आण इकडे," म्हणाले.

मास्तरांनी पिशवीतले तुकडे नेऊन दिले. आप्पांना फक्त दोन धूसर चौकोन दिसत असणार. पण त्यांनी ते उजेडात धरले. "सांग."

मास्तरांनी तुकड्यांकडे बघितलं. मग भिंतीकडे बघून त्यांनी डोळे निवू दिले, आणि वळले.

"डावा हिरवट आहे. उजवा गुलाबी मारतोय. आत दिव्याखाली दोन्ही सारखे, बाहेर दोन घरचे."

"हं. यंत्राचा दोष नाही," आप्पा म्हणाले. "त्याला एकाच दिव्यात बघायला सांगितलं, ते एकाच दिव्यात बघतं. सांगणाऱ्याने खिडकी उघडली नाही." त्यांनी तुकडे मास्तरांच्या हातात परत दिले. "मी अकरा पास केलेत."

"काय?"

"चुकीचे घाणे. कळत असताना. अडतीस वर्षांत अकरा. एकदा ताप होता. एकदा तुझी आई बाळंतपणात अडली होती आणि मला घरी पळायचं होतं. दोनदा साहेबाची भीती वाटली. बाकीचे सात नुसता कंटाळा. आकडा अजून लक्षात आहे, यावरून बघ मी किती विसरलोय."

"आईला माहीत होतं?" दादांनी विचारलं. ते नकळत खिडकीपाशी आले होते.

"सगळे अकरा. प्रत्येक वेळी घरी येऊन मी आठवडाभर पाय दाबून दे, पाणी भरून दे, असलं काहीतरी करत बसायचो. ती एक दिवस वैतागून म्हणाली, अहो, काय पाप केलंय ते सांगून टाका आणि मला माझी बादली परत द्या."

धाकटीने दाराची चौकट धरली. वाटाण्यांच्या दिवशी राहिलेलं वाक्य असं दोन वर्षांनी, सासऱ्यांच्या तोंडून पुरं झालं होतं.

"मला नाही सांगितलंस कधी!" आत्या म्हणाल्या. त्या खऱ्याच दुखावल्या होत्या.

"तुला सांगितलं असतं तर गिरणीच्या भोंग्याच्या आधी सगळीकडे कळलं असतं."

कोण आधी हसलं ते सांगता येत नाही. बहुतेक मोठी. दादा मात्र हसले नाहीत, त्यांनी कपाळ चोळलं. "ते सगळं ठीक आहे. मी उद्या काय करू ते सांगा. कापड दारात येऊन पडलंय, दुसरं मागवायला वेळ नाही."

आणि मग धाकटीने ते बघितलं, जे बघायला ती बेचाळीस दिवस आसुसली होती. मास्तरांच्या कपाळाला मधोमध आठी पडली. वैतागलेली, जिवंत आठी.

"अंग एका ताक्यातून आणि बाह्या दुसऱ्यातून, हे सांगितलं कुणी तुला?"

"कापड वाचतं तसं. सगळे तसंच करतात."

"सगळे चुकतात. एक कोट पूर्ण एकाच ताक्यातून काढायचा. अंग, बाह्या, कॉलर, खिसा, सगळं. डाव्यातले दोनशे मोठ्या मुलांचे, उजव्यातले दोनशे लहानांचे. मोठी आणि लहान मुलं शेजारी उभी राहत नाहीत. कापलेल्या प्रत्येक तुकड्याला मागून नंबर. कापड थोडं जास्त जाईल, पण डोळ्याला टोचणार नाही."

"माझ्या कटिंगवाल्याला नाही जमायचं हे."

"मी येतो उद्या. चार दिवस लागतील."

"म्हणजे रविवारपर्यंत तू तिथेच राहिलास तर सामान मागाहून..."

"नाही," मास्तर म्हणाले.

तो शब्द बाहेर पडल्यावर त्यांनाच नवल वाटल्यासारखं दिसलं. त्यांनी घसा साफ केला. "नाही, दादा. माल बांधायला आणि हजेरीला नाही येणार मी. रागावू नकोस. चार दिवस कापड लावून देतो आणि परत येतो. पुढे काय ते मला माहीत नाही. पण ते नाही."

दादांचा चेहरा पडला. मोठा माणूस हिरमुसला की लहान मुलापेक्षा केविलवाणा दिसतो. "मी खोली रंगवून घेतली रे," ते म्हणाले. "स्वतः उभं राहून."

"कोणता दिलास?"

"फिकट निळा. आणि दारांना चॉकलेटी."

मास्तरांनी डोळे मिटले. "नाहीच," म्हणाले. या वेळी दादाही हसले. हसता हसता त्यांनी धाकट्या भावाच्या पाठीत असा धपाटा घातला, की तो प्रेमाचा होता की रागाचा, हे दोघांनाही ठरवता आलं नसतं.

"तुला हे असलं बघायला ठेवलं तर?" मोठी मधेच म्हणाली. नवऱ्याच्या बोलण्यात ती सहसा तोंड घालत नसे. "म्हणजे, नोकरी नाही. कापड आलं की कात्रीआधी तू बघायचंस. आमचंच नाही, तिथे आमच्यासारखे सात-आठ जण आहेत. सगळे एकदा तरी फसलेत."

"बघू," मास्तर म्हणाले. "हो नाही म्हणत."

"नकोच म्हणू," आत्या म्हणाल्या. "तुझा हो ऐकून कान किटले आमचे."

जेवताना मास्तरांनी दुसऱ्याच घासाला ताट पुढे सरकवलं. "भाजीत मीठ कुणी घातलंय? समुद्र ओतलाय नुसता." धाकटीने मान खाली घातली आणि ती खारट भाजी पोटभर खाल्ली.

*

सगळं काही एका रविवारात मार्गाला लागलं, असं नाही. दुपारी दादांची गाडी गेल्यावर मास्तर मागच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. धाकटी शेजारी जाऊन बसली. त्यांचे खांदे हलत होते. तिने मानसशास्त्राच्या पेपरातलं काही काढलं नाही, नुसती बसून राहिली. आतून आत्यांचा आणि आप्पांचा आवाज येत होता. अकरापैकी तिसरा घाणा कोणत्या वर्षीचा, यावर त्यांचं जुंपलं होतं.

"माझ्याबरोबर बॉयलरवाल्यालाही काढलं," मास्तर नाक पुसत म्हणाले. "सव्वीस वर्षं. वाफेच्या आवाजावरून सांगायचा, कोणती झडप ढिली आहे. त्या दिवशी फाटकातून आम्ही एकत्र बाहेर पडलो आणि मी डावीकडे वळलो, तो उजवीकडे. एकदाही गेलो नाही त्याच्याकडे. काय तोंडाने जाणार होतो?"

"एकटेच असतात ना ते?"

"हं. लेक परदेशी."

"मग चल," ती म्हणाली. "उजेड आहे अजून."

"जाऊन काय बोलायचं?"

धाकटीने विचार केला. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ गेले काही महिने सोडला की भिंतीत कुणी हातोडी मारावी तसा ठोके देत होता, भिंगरी दचकायची. "तो नळ विचारू," ती म्हणाली.

बॉयलरवाल्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांनी घरातच गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट घातला होता. या म्हणाले, बसा म्हणाले, सगळं उत्तम आहे म्हणाले. मास्तरांनी नळाचं सांगितलं. "प्लंबरला बोलवा," बॉयलरवाले म्हणाले आणि भिंतीकडे बघू लागले. भिंगरीने टेबलाखालून त्यांची एक चप्पल पळवली. घड्याळ टिकटिकत राहिलं. धाकटीला वाटलं, चुकलंच आपलं, उठावं. पण मास्तर उठले नाहीत, आणि त्यांनी दुसरं काही विचारलंही नाही.

बऱ्याच वेळाने बॉयलरवाल्यांची मान हळूच कलली.

"ठोके कधी देतो? सोडल्यावर की बंद केल्यावर?"

"सोडल्यावर."

"लगेच, की थोडं थांबून?"

"थोडं थांबून," धाकटी म्हणाली. "आधी शिट्टीसारखं, मग ठोके."

"किती?" त्यांनी वरचं बटण काढलं. "मोजलेत का कुणी? वाजवून दाखवा बरं टेबलावर."

भिंगरीने चपलेने वाजवायला सुरुवात केली.

वाचता वाचता तुम्हाला कुणी आठवलं असेल, तर पुस्तक इथे उपडं ठेवा आणि जाऊन या. फोन नको, पायाने जा. तब्येत कशी आहे हे विचारू नका, त्याला "बरी" एवढं एकच उत्तर पाठ झालेलं असतं. त्याच्या कामातलं काहीतरी अडलेलं घेऊन जा, खरोखर अडलेलं. आणि पहिल्यांदा तो म्हणेल, मला काय विचारता. तेव्हा उठू नका, बसून राहा.